तीन नंबरचा आवाज

निकमकाका,

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी देसाईंनी मला खाली बोलावलं आणि हातात खडू दिला. पाणीकपातीपासून श्रद्धांजलीपर्यंत सोसायटीच्या फळ्यावर जे काही लिहायचं ते मीच लिहितो, कारण माझं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "परसाद, तुझं अक्षर बघून वाटतं, माणूस लई सरळ असंल." तुमचं नाव लिहिलं. देसाई म्हणाले, वर 'सर्वांचे लाडके' लिही. तेही लिहिलं. मग ते म्हणाले, "रविवारी शोकसभा ठेवलीय. तुझ्याइतका जवळचा कुणी नव्हता त्यांना. दोन शब्द तूच बोल." मी मान हलवली आणि घरी येऊन अर्धं पान लिहून काढलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. तुम्ही कुणाच्याही हाकेला धावायचात, लिफ्ट बंद पडली की पहिले तुम्ही पोचायचात, काकूंचं थालीपीठ डब्यात घालून वर पाठवायचात, सगळं खरं होतं. जे लिहायला हवं होतं ते मात्र त्या पानावर नव्हतं, आणि ते काय होतं हे जगात फक्त मला माहीत होतं.

तेव्हा आता सांगतो. तुम्हाला कसं सांगायचं याची तयारी मी चौदा महिने केली होती, पण आता लिहायला बसलो तर त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नाही.

ती गाडी घेतली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि गाडी अठरा. री-पासिंग करून घेतलेली जुनी पेट्रोल सेडान. महाप्याच्या ऑफिसात माझ्या टीममधली सगळी मुलं माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान, मॅनेजरसुद्धा सात वर्षांनी लहान. त्यांचं लोणावळ्याला जायचं ठरलं, प्रत्येकाने आपापली गाडी काढायची. मला कॉलेजपासून एकच हौस होती. जुनी दणकट गाडी घ्यायची, तिला स्पोर्ट्स सायलेन्सर लावायचा, बॉडी रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवायची, इंजिनाचं ट्यूनिंग करायचं आणि घाटात सगळ्यांच्या पुढे काढायची. अर्चना म्हणाली, "लोक या वयात गुडघ्यांचं ट्यूनिंग करून घेतात." माझी बायको एरवी कमी बोलते, पण बोलली की असं.

पार्किंगमध्ये गाडी लावून मी अजून खाली उतरलोही नव्हतो, तेवढ्यात तुम्ही पहिल्या मजल्यावरून बनियनवर खाली आलात. गाडीचा रंग बघितला नाही, सीट बघितल्या नाहीत. बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिलात.

"आवाज येतोय रं."

"जुनी गाडी आहे काका. येणारच."

"जुनी हाय म्हणून आवाज येत नसतो. कायतरी झिजलंय म्हणून येतो. ते आधी हुडकू, मग तुला काय नटवायची ती नटव."

सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला तुमची रविवारची पद्धत समजावून सांगायला लागायची. तळोज्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्सला काढून तुम्ही निवृत्त झाला होतात. दर रविवारी सकाळी आठ ते दहा तुम्ही पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायचात आणि लोक आपापल्या गाड्या तुम्हाला ऐकवायला आणायचे. ऐकवायलाच. दुरुस्ती तुम्ही कधीच करत नव्हता. "रोग मी सांगतो, औषध गॅरेजवाल्याचं," असं तुमचं म्हणणं. आणि रोगसुद्धा तोंडाने सांगायचा नाहीत. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर बॉलपेनने लिहायचं, चार घड्या घालायच्या आणि ती चिठ्ठी गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायची. गॅरेजवाल्याने इंजिन उघडून दोष दाखवला की मगच मालकाने चिठ्ठी वाचायची. मी एकदा विचारलं होतं, हा काय जादूचा प्रयोग आहे का? तुम्ही म्हणालात, "इंजिन उघडल्यावर समदेच म्हणत्यात, मला वाटलंच हुतं. त्यात मी बी आलो. म्हणून आधी लिवून ठिवायचं. मग खोटं बोलायला जागाच ऱ्हात न्हाई." चिठ्ठी चुकली तर मालकाने येऊन सांगायचं, हा तुमचा एकच नियम. लोक येऊन सांगायचेही. चुकल्या होत्या काही. तुम्ही मोकळेपणाने हसायचात आणि कुठे गफलत झाली ते विचारून घ्यायचात.

माझ्या गाडीवर तुम्ही तीन रविवार घालवलेत. तेव्हा मला त्याचा वैताग आला होता, आणि आता त्यातलं एकेक मिनिट आठवतंय.

पहिल्या रविवारी तुम्ही बॉनेट उघडूच दिलं नाहीत, नुसते प्रश्न. आवाज सकाळी थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की चालत्या? चढावर वाढतो की उतारावर? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. मग तुम्ही शेजारी बसलात आणि मला कळंबोलीपर्यंत गाडी काढायला लावलीत. फ्लायओव्हरवर काचा खाली करून कठड्याला लागून चालव म्हणालात. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, मोकळ्या रस्त्यात तो निघून जातो, हे मला त्रेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. चढावर पाय दाबला की खालून ठक-ठक असा जड आवाज आला. खिडकीवर हात ठेवून पुढे बघत राहिलात.

दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसातला, रात्रभर गार झालेलं इंजिन चालू करून ऐकलंत. मग बंद करून पुढचा पट्टा काढायला लावलात आणि अर्ध्या मिनिटापुरतं परत चालू केलंत. पट्ट्यावर चालणारं सगळं थांबलं तरी आवाज होताच. "अल्टरनेटर सुटला, पाण्याचा पंप सुटला," तुम्ही एकेक बोट दुमडत म्हणालात. "आवाज हुडकायचा म्हंजी एकेक गोष्ट गप करत जायचं. जे गप केल्यावर आवाज बदलंल, तिथं चोर."

तिसऱ्या रविवारी तुम्ही तो तुमचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर आणलात. टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानासमोरच्या हाडाला लावली, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटलेत. वरच्या झाकणावर बराच वेळ. मग हळूहळू खाली. मग मला बोलावून माझ्या हाडाला मूठ लावून दिलीत. वर नुसती बारीक टिकटिक, शिवणयंत्रासारखी. "हे टॅपेट. हे ठीक हाय." खाली इंजिनाच्या पोटाशी टेकवलं आणि माझ्या दातांपर्यंत एक ठोका आला. मी दचकलो, तर तुम्ही हसलात. मग एका वेळी एक सिलिंडर गप करायला प्लगच्या वायरी एकेक काढायला सुरुवात केलीत. पहिली काढली, ठोका तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढल्याबरोबर तो मऊ झाला, जवळजवळ गेला. तुम्ही वायर परत लावलीत, परत काढलीत, खात्री केलीत. खिशातून कॅलेंडरचं पान काढलंत, गाडीच्या टपावर ठेवून काहीतरी लिहिलंत, घड्या घातल्यात आणि कप्प्यात टाकलंत.

"आता म्होरच्या रविवारी खालचं चेंबर काढून बघू. गॅरेजचा एक माणूस सांगून ठिवलाय. तवर गाडी जपून चालव. दाबू नको."

आणि मी म्हणालो, पुढच्या रविवारी मला वेळ नाही. गुरुवारी नावड्याला सायलेन्सरचं काम ठरलंय. शनिवारी लोणावळा आहे.

आपलं भांडण झालं ते तिथेच. भांडण कसलं, मी बोललो आणि तुम्ही ऐकून घेतलंत. मी म्हणालो, तीन रविवार झाले काका, डॉक्टरसुद्धा एवढ्यात ऑपरेशन करून पेशंट घरी पाठवतो. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर आधी तपासतो न्हवं?" मग मी मोबाइल काढला. इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून मी सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता आणि झाडून सगळ्यांनी टॅपेट, म्हणजे वरचं किरकोळ काम, म्हणून सांगितलं होतं. मी ते मेसेज तुम्हाला वाचून दाखवले. एकेक, नावानिशी. तुम्ही शांतपणे म्हणालात, "फोनात आवाज येतो रं, जागा येत न्हाई." हरायला लागलो की माझी जीभ सुटते. मी म्हणालो, "काका, तुम्ही आयुष्यभर कंपनीतले कॉम्प्रेसर बघितलेत. ही गाडी आहे. आणि खरं सांगू का, या वयात प्रत्येकाला कानात काही ना काही ठोके ऐकू येतातच."

बी विंगचे म्हात्रे तिथेच उभे होते. ते हसले. तुम्हीही हसलात. स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसलात आणि खुर्ची घडी करून वर गेलात.

गुरुवारी मी रजा टाकून नावड्याला गेलो. तिथे गाड्या नटवून देणाऱ्या भूषणची पत्र्याची शेड, दोन लिफ्ट, भिंतीवर चकचकीत सायलेन्सर टांगलेले. लोकांना वाटतं की असल्या मुलांना फक्त दिखावा कळतो. पण त्या भूषणने गाडी चालू केल्या केल्या मान तिरकी केली.

"दादा, खालशी आवाज येतंय. कोनला दाखवली हाय का?"

"दाखवलीय," मी म्हणालो. "आमच्याकडे एक जुने जाणकार आहेत, त्यांनी तीन रविवार तपासली. टॅपेट आहे."

"नक्की ना? मंग मी लावतो. नायतर आदी खोलून बगू, मना घाई नाय."

"नक्की."

काका, तुम्हाला न पटलेली गोष्ट खपवायला मी तुमचाच अनुभव वापरला. तुमच्या तीन रविवारांचं वजन त्याच्यापुढे टाकलं आणि तुमचं उत्तर बदललं. हे मी अर्चनालाही कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी नवा सायलेन्सर लावून मी पार्किंगमध्ये आलो तर अख्खी इमारत दणाणली. तुम्ही खाली आलात. इंजिन चालू होतं, तुम्ही दोन मिनिटं जवळ उभे राहिलात. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही म्हणालात, "आता तर कायच ऐकू येत न्हाई." आणि मग, "चिठ्ठी हाय न्हवं आत? असू दे."

शनिवारी घाटात माझी गाडी खरोखर सगळ्यांच्या पुढे होती. सहा-सात मिनिटं असेल. मग सायलेन्सरच्या दणक्यातूनही तो ठोका ऐकू यायला लागला, तेलाचा लाल दिवा लागला, आणि मी पाय काढण्याआधीच पोटातून एक आवाज झाला. तो आवाज ऐकल्यावर विचारायचं काही उरत नाही. धूर आला, गाडी कशीबशी कडेला घेतली. मागून ऑफिसची मुलं हात हलवत गेली, त्यांना वाटलं मी फोटो काढायला थांबलोय.

टोइंगवाल्याने कळंबोलीच्या एका गॅरेजमध्ये आणून सोडली. तिथल्या मिस्त्रीने खाली झोपून टॉर्च मारला आणि मलाही बघायला लावलं. इंजिनाच्या अंगाला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून तुटलेला रॉड बाहेर आला होता. "तीन नंबर," तो म्हणाला. "बेअरिंग कधीचं गेलेलं असणार. आवाज नव्हता का येत?" मी कप्पा उघडला आणि चिठ्ठी काढली. नियम पाळला मी, इंजिन उघडल्यावरच वाचली. तुमच्या त्या मोठ्या, सरळ उभ्या अक्षरांत लिहिलं होतं: '३ नंबर. रॉडचं खालचं बेअरिंग. परसाद, चालवू नको.'

इथपर्यंतचं सगळं मूर्खपणात जमा करता आलं असतं. हौसेपायी माणूस मूर्खपणा करतो, लोक हसतात, विसरतात. इंजिन गेलं त्याची मला लाज वाटत नाही. लाज पुढच्याची आहे.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही गेटजवळच्या बाकावर बसला होतात. मी ऑफिसहून बसने आलो होतो. तुम्ही विचारलंत, "गाडी कुठाय?"

चिठ्ठी माझ्या पाकिटात होती. तुम्हाला द्यायची म्हणूनच ठेवली होती. दोन दिवस मी मनाशी ठरवत होतो की काकांचे पाय धरायचे. पण तुम्ही विचारलंत तेव्हा म्हात्रे शेजारी बसले होते, आणि ते हसायच्या तयारीतच आहेत असं मला वाटलं.

"विकली काका," मी म्हणालो. "लोणावळ्यात एकाला इतकी आवडली, तिथेच देऊन टाकली."

"आन् आवाज?"

"टॅपेटच होता. नावड्याला सेट केला, गेला."

"उघडून बघितलं हुतं?"

"हो."

"चिठ्ठी वाचलीस?"

"हो."

"म्हंजी चुकली माझी चिठ्ठी," तुम्ही म्हणालात. रागाने नाही. एखादा माणूस चष्मा विसरल्यावर खिसे चाचपतो, तसे तुम्ही स्वतःच्याच आठवणीत काहीतरी चाचपत होतात. "तीन नंबरची वायर काढली तवा मऊ झाला हुता की रं आवाज. दोनदा बघितलं मी." मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." तुम्ही म्हणालात, "बरं झालं. ज्यानं घेतली त्याला तरास न्हाई." चुकल्याचं दुःख बाजूला ठेवून तुम्ही त्या नसलेल्या गिऱ्हाइकाची काळजी केलीत.

काका, मला तेव्हा वाटलं एवढ्यावर मिटलं. चिठ्ठ्या आधीही चुकल्या होत्या, तुम्ही हसून सोडल्या होत्या. पण त्या वेळी कुठे चुकलं ते मालक सांगायचा आणि तुम्हाला पटायचं. माझ्या वेळी पटण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही जे ऐकलं ते खरं होतं आणि मी सांगत होतो की नव्हतं. मग तुम्हाला एकच अर्थ काढता आला.

पुढच्या रविवारी ए विंगमधल्या बाई गाडी घेऊन आल्या. तुम्ही खुर्चीवरून उठलाच नाहीत. "गॅरेजला दाखवा ताई. माझा कान आता भरवशाचा ऱ्हायला न्हाई." मी तेव्हा दुधाची पिशवी घेऊन तिथूनच जात होतो. त्यानंतर महिनाभराने तुम्ही खुर्ची आणणंही बंद केलंत. कान तपासून आलात. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानाने कान चांगले आहेत, थोडं कमी झालंय एवढंच. तरी तुम्ही मशीन घेतलंत. काकू माझ्याकडे तक्रार करायच्या, "बघा ना भाऊजी, घेतलंय आणि पेटीतच ठेवतात. म्हणतात, यानं मोठं ऐकू येतं, खरं कुठं येतं?" मी 'समजावतो त्यांना' म्हणायचो. समजावायची नाही, खरं सांगायची गरज होती, आणि ते मी केलं नाही.

सांगायची संधी मिळाली नाही असं मी म्हणू शकत नाही. गणपतीत आपण दोघं मंडपाच्या वायरी ओढत होतो, आजूबाजूला कुणी नव्हतं. लिफ्ट अडकली तेव्हा आपण दोघंच आत होतो, चांगला पाव तास. तुम्ही म्हणालात, "वर मोटार गुरगुरतीय, का मलाच वाटतंय?" मी म्हणालो, गुरगुरतेय काका. पूर्वी तुम्ही असं कधी विचारलं नसतं. पूर्वी तुम्ही सांगायचात.

एक गंमत सांगू का, जी मी तुम्हाला मोठ्या कौतुकाने सांगायला हवी होती? माझं ऑफिसातलं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. गेल्या वर्षी एक चूक तीन आठवडे कुणाला सापडत नव्हती. मी एकेक भाग बंद करत गेलो. जो बंद केल्यावर चूक बदलली, तिथे थांबलो. माझ्याहून सात वर्षांनी लहान मॅनेजरने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि विचारलं, ही पद्धत कुठे शिकलास? मी म्हणालो, अनुभव. तेव्हाही तुमचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. तुमचं नाव घेतलं असतं तर पुढचं सगळं आठवलं असतं, म्हणून.

आणि मग हॉस्पिटल. न्यूमोनिया आहे, चार दिवसांत घरी, असं सगळे म्हणत होते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आलो, काकू जेवायला घरी गेल्या होत्या. अर्धा तास आपण दोघंच. तुमच्या नाकाला नळी होती, पण तुम्ही बोलत होतात. मी स्टुलावर बसून मनातल्या मनात सुरुवात करत होतो. काका, ती गाडी. एवढे दोन शब्द म्हटले असते तर पुढचं आपोआप आलं असतं. तुम्ही छताकडे बघत होतात. मग हळूच विचारलंत, "परसाद, तो एसी खडखडतोय का माझ्याच कानात हाय?"

एसी खडखडत होता काका. दारातून आत येतानाच मी ऐकलं होतं.

"खडखडतोय," मी म्हणालो.

"हां," तुम्ही म्हणालात आणि तुमचा चेहरा सैल झाला. इतक्या साध्या गोष्टीने तो सैल होतो हे मला तेव्हा दिसलं. त्याच्या पुढचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं नाही सांगत. तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली. ती गेल्यावर मी म्हणालो, "आराम करा, उद्या येतो." दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग होती. तिसऱ्या दिवशी पहाटे तुमच्या मुलाचा फोन आला.

परवा रविवारी सकाळी दहा वाजता शोकसभा झाली. पार्किंगमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. काकू पुढच्या रांगेत, शेजारी पुण्याहून आलेला तुमचा मुलगा. देसाई बोलले. मग म्हात्रे उठले, आणि ते तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले, हे मला सांगायलाच हवं. त्यांच्या गाडीचा क्लच तुम्ही कसा ओळखला होतात, ते त्यांनी बारकाव्यांसकट सांगितलं. शेवटी म्हणाले, "वयानं शेवटी कान थोडे दगा द्यायला लागले. प्रसादच्या गाडीत अंदाज चुकला, ते त्यांनी मनाला लावून घेतलं. आमी सांगायचो, काका, टेन्शन नका घेऊ, होतं असं. पण कलाकार माणूस होता." सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. तुमच्या मुलानेही. त्याने आईच्या हातावर हात ठेवला. त्या सगळ्या चांगल्या माणसांच्या मनात तुमचं ते शेवटचं वर्ष कायमचं तसं बसत होतं, आणि पुढचं नाव माझं होतं.

मी उठलो. अर्धं पान खिशातच राहिलं. "काकांचा अंदाज चुकला नव्हता," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. घाट, भोक पडलेलं इंजिन, चिठ्ठीतले शब्द, गेटजवळच्या बाकावरचं माझं बोलणं. भूषणला काय सांगितलं तेही. दोन मिनिटं लागली असतील. बोलताना मला कुठेतरी वाटत होतं, लाज वाटते हे कबूल करायला, पण वाटत होतं, की हे बोलून संपलं की मला बरं वाटेल. कदाचित कुणीतरी म्हणेल, मोठं मन लागतं हे सांगायला.

म्हात्रे खाली बघत होते. काकूंनी पदर सारखा केला, आणि सभा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मान वर केली.

"हे त्यांना सांगितलं होतंत, भाऊजी?"

"नाही."

"मग आम्हाला कशाला सांगताय?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि त्या थांबल्या त्यासाठी. शेवटी मुलाचा हात धरून उठल्या आणि जिन्याकडे गेल्या. मग लोकांनी खुर्च्या उचलायला घेतल्या. मी एक उचलायला गेलो तर देसाई म्हणाले, "राहू दे, आम्ही करतो."

काकूंचा प्रश्न या लिहिण्यालाही लागू आहे, हे मला कळतंय. चौदा महिने तुम्ही माझ्या घराखाली दोन जिन्यांवर होतात आणि तुम्हाला उत्तम ऐकू येत होतं. तेव्हा मी गप्प होतो. तुम्ही आता ऐकणार नाही याची पक्की खात्री झाली, काका, आणि मगच माझं तोंड उघडलं.